मनाच्या पेटीतील जुने रोखे



गेल्या सुगीनंतर मी एका खेड्यातील मंडळीस भेट देण्यास गेलो होतो. रात्रीची उपासना आटोपल्यावर लोक आपापल्या घरी गेले, परंतु तेथील वृद्ध उपदेशक माझ्याजवळ ओट्यावर बसून राहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खाली मान घालून म्हणाले, “पाळकसाहेब, तीस वर्षे मी लोकांना क्षमेचा बोध करीत आलो. माझ्या धाकट्या भावाने बांध कोरून माझ्या वावरातली चार तासे आपल्याकडे ओढली. त्यालाही मी क्षमा केली, असे मी देवापुढे म्हटले. पण पेरणीच्या दिवसांत त्या बांधावरून गेलो, की सगळे पुन्हा आठवते आणि पोटात कालवते. मग माझी क्षमा खोटी काय? आणि माझी खोटी, तर मी इतकी वर्षे लोकांना सांगितले ते काय?”

त्या रात्री माझ्याने त्यांस नीट उत्तर देववले नाही. “मास्तर, प्रार्थना करू,” एवढेच मी म्हटले, व आम्ही प्रार्थना करून निजलो. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. तो एकट्या त्या वृद्ध गृहस्थांचा नाही. आपणांपैकी बहुतेकांचा आहे. गेलेली गोष्ट सोडून देणे म्हणजे नक्की काय सोडणे? आठवण सोडणे, की हक्क सोडणे, की आणखी काही? ह्याचा आज आपण शांतपणे विचार करू.

ह्या प्रश्नास आपल्या गावांत दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की झाले गेले गंगेला मिळाले. आता त्याचे नाव काढू नका. हे वाक्य ऐकावयास गोड आहे, परंतु ते बहुधा कोणाच्या तोंडून येते, हे पाहावे. ज्याने मारले तो ते लवकर म्हणतो. ज्याने मार खाल्ला त्यास ते म्हणावयास फार दिवस लागतात. ज्याच्या पायात काटा नाही, त्याने काटा विसरून चाल असे सांगणे सोपे आहे. दुसरे उत्तर ह्याच्या उलट आहे. ते असे, की मर्द माणूस डूख धरतो, बापाचे वैर मुलगा चालवतो, आणि जो विसरला तो नामर्द. पहिले उत्तर झालेला अन्यायच नाकारते. दुसरे त्या अन्यायास घरातील वडीलधाऱ्याच्या आसनावर बसविते. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. का, ते समजण्यासाठी आपल्याच मुलखात घडलेली एक जुनी गोष्ट सांगतो.

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे गाव आहे. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस तेथील बाजारात शेतकऱ्यांचा मोठा जमाव जमला व सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. तेथून ती चळवळ पुणे व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत पसरली. तिच्यामागे कारणे होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत आपल्याकडील कापसास चढा भाव आला होता. ते युद्ध १८६५ साली संपले आणि भाव कोसळला. त्यातच सरकारने जमिनीचा सारा वाढविला. सारा भरावयास कर्ज, कर्ज फेडावयास पुन्हा कर्ज, असे चालले होते. परंतु आपणांस लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की त्या लोकांस मुख्यतः काय पाहिजे होते? त्यांस कर्जाचे रोखे पाहिजे होते. जेथे सावकाराने रोखे काढून दिले, तेथे लोक ते फाडून किंवा जाळून बहुधा निघून गेले. तो कागद घरात असेपर्यंत आपली सुटका नाही, हे अक्षरशत्रू माणसासही पक्के ठाऊक होते.

त्या कागदाची करामत काय होती? रोख्याची मुदत संपली, की मुद्दल व व्याज एक करून नवा रोखा लिहून घेत. कालचे व्याज आजचे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. शंभर रुपये शेकडा २४ च्या दराने घेतले व दरसाल रोखा नवा होत गेला, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस २३६ रुपयांवर देणे होते. मग घेतलेले किती व चढलेले किती, हे कुणबी सांगू शकत नसे. नव्या रोख्यावर एकच आकडा दिसे आणि खाली त्याचा अंगठा.

वाचकहो, आता आपल्या मनाची पेटी उघडून पाहा. तेथेही असेच रोखे आहेत. फरक एवढाच, की येथे सावकार आपण आहोत. कोणी आपला अपमान केला, त्याचा रोखा; कोणी वाटणीत फसविले, त्याचा; लग्नात मान दिला नाही, त्याचा; बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीने दार लावले, त्याचा. हे रोखे आपण दरवर्षी नवे करतो. त्या उपदेशक गृहस्थांचे मुद्दल चार तासे जमीन. परंतु पुढे भाऊ आजारपणात विचारपूस करावयास आला नाही, ते त्यात मिळविले. त्याच्या मुलाने वाटेत नमस्कार केला नाही, तेही मिळविले. त्याच्या घरातून हसण्याचा आवाज आला, तो आपणांसच हसला असे समजून तेही मिळविले. वीस वर्षांनी रोख्यावर एकच मोठा आकडा उरला, आणि त्यात चार तासे कोणती व चढलेले व्याज कोणते, हे त्यांचे त्यांसही सांगता येईना.

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या कायद्यातील एक गोष्ट मला फार बोधपर वाटते. रोख्यावर काय लिहिले आहे, एवढेच पाहून न्यायाधीशाने थांबू नये. रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, आणि मुद्दल वेगळे व व्याज वेगळे मांडावे, असे त्यास सांगितले होते. मला वाटते, सोडून देण्याची पहिली पायरी हीच. झाले ते झालेच नाही, असे म्हणावयाचे नाही. मुळात काय झाले, तेवढेच नीट मांडावयाचे. भावाने चार तासे घेतली. ते चूक होते. बस्स, एवढेच मुद्दल. बाकीचे व्याज माझ्या मनाने चढविले, ते माझे मलाच रद्द केले पाहिजे. आणि ज्यास मुद्दलच ठाऊक नाही, त्यास ते सोडताही येत नाही. मुद्दल न पाहता “जाऊ द्या” म्हणणारा रोखा फाडीत नाही. तो पेटीच्या तळाशी सरकवितो, एवढेच.

हे मी दुसऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझ्या पेटीतही एक रोखा होता, आणि तो माझ्या हातचा नव्हता. वारशाने आलेला होता. माझ्या आजोबांनी तरुणपणी एका उन्हाळ्यात वाटेवरच्या मळ्यातील विहिरीवर पाणी मागितले. मळ्याच्या धन्याने पाणी दिले नाहीच. त्यांची जात विचारून त्यांच्या हातातील घागर फोडली. ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती, की त्या घागरीच्या खापऱ्या मीच वेचल्या असे मला वाटे. पुढे मी सेमिनरीत शिकलो, क्षमेच्या विषयावर उत्तरे लिहून परीक्षा उतरलो, पाळक झालो. एका वैशाखात दुपारी त्याच रस्त्याने जाताना माझ्या फटफटीचे चाक बसले. मी ढकलीत चाललो असता एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मळ्यातून धावत आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. “काका, पाणी घ्या,” असे तो म्हणाला. मी विचारले, “मळा कोणाचा?” त्याने आजोबांचे नाव सांगितले. ते तेच नाव होते. माझा घसा कोरडा पडला होता, तरी मी म्हणालो, “तहान नाही.” मुलगा जरा घोटाळला. मग त्याने ते पाणी वाटेकडेच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतले व तो परत गेला.

त्या दिवशी मी चार कोस चाक ढकलीत गेलो, आणि वाटेत मला माझीच लाज वाटू लागली. ज्याने घागर फोडली तो वारला, ज्यांची फुटली तेही वारले, आणि मी ज्याने काही घेतले नाही अशा मुलाकडून वसुली करीत होतो. माझ्या आजोबांस तहान लागली असता पाणी मिळाले नाही. मला मिळत असता मी ते घेतले नाही. म्हणजे त्या धन्याने एकदा केलेले काम साठ-सत्तर वर्षांनी मीच पुन्हा त्याच्या वतीने केले. जुने दुःख उराशी धरणारास वाटते, की आपण शत्रूस शिक्षा करीत आहो. बहुधा शत्रूस त्याचा पत्ताही नसतो. चाक आपणच ढकलतो.

घरातील एकास झालेली जखम दुसऱ्यांच्या आयुष्यात कशी उतरते, ह्याचे एक उदाहरण आपल्या वाचकांस परिचित अशा घरातील आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे वेड शिरले. धुणे आणि पुन्हा धुणे, ह्यांत त्यांचे दिवस जात, आणि त्या वेडाचा जाच घरातील बायकामुलांस सोसावा लागे. मृत्यू एकाचा, भय दुसऱ्याचे, आणि भोगणे तिसऱ्यांचे. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या पतीने, म्हणजे नारायण वामन टिळक ह्यांनी, १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. परत आल्यावरही प्रथम त्यांनी आपले सोवळे वेगळे ठेविले. परंतु एके दिवशी त्यांनी स्वतःस विचारले, की जाती देवाने केल्या की माणसाने? मनाने सरळ उत्तर दिले, तेव्हा लहानपणापासून वाहिलेले ते ओझे त्यांनी खाली ठेविले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता ह्यांत नीट पाहण्याजोगी गोष्ट अशी, की लक्ष्मीबाई काहीएक विसरल्या नाहीत. “स्मृतिचित्रे” हे त्यांचे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात वडिलांचे सोवळे आहे, पतीचा संताप आहे, ताटातूट आहे, उपासमारही आहे. परंतु वाचणारास कोठेही विष लागत नाही. उलट पुष्कळ ठिकाणी हसू येते. सारे आठवते आणि तरी हात मोकळे आहेत, अशी स्थिती माणसास साध्य आहे, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मी दुसरा कोणता देऊ?

आणि हीच गोष्ट पवित्र शास्त्रातील योसेफाच्या चरित्रात आहे. भावांनी त्यास विकले, मिसर देशात त्याने तुरुंग सोसला, पुढे तो मोठ्या पदास चढला. तेथे त्यास पहिला मुलगा झाला, त्याचे नाव त्याने मनश्शे ठेविले. ह्या नावाचा अर्थ विसर पाडणारा असा आहे. मी पुष्कळ वर्षे हे वाचीत आलो. परंतु त्या उपदेशक गृहस्थांच्या प्रश्नानंतर मला त्यातील मर्म दिसले. जो बाप दिवसांतून दहा वेळा मुलास “विसर” अशा नावाने हाक मारतो, तो काय विसरला असेल? प्रत्येक हाकेबरोबर त्यास आपण काय मागे टाकले ते आठवत असेल. आणि भाऊ धान्यासाठी येऊन समोर उभे राहिले, तेव्हा त्याने त्यांस पाहताक्षणी ओळखले. भावांनी त्यास ओळखले नाही. तो त्यांच्याशी प्रथम कठोरपणे बोलला, त्यांची परीक्षा घेतली, आणि एकांती जाऊन रडला. म्हणजे जखम होती व ठणकतही होती. परंतु धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या हाती असता त्याने वसुली केली नाही; पोती भरून दिली. त्याची क्षमा खरी होती, हे त्याच्या अश्रूंच्या अभावावरून ठरत नाही. हातांनी काय केले, त्यावरून ठरते.

तर मास्तर, हे आपल्या प्रश्नाचे उत्तर. बांधावरून जाताना आठवण येते, म्हणून आपली क्षमा खोटी नाही. आठवण येणे हे व्रणाचे लक्षण आहे. भरलेला व्रणही पावसाळ्यात दुखतो. आठवण आल्यावर आपण काय करता, ते विचारा. रोखा काढून त्यावर नवे व्याज मांडता, की “हे मी सोडले आहे” असे म्हणून पुढे चालता? ज्याने एकदा सोडले, त्यास तेच पुष्कळदा सोडावे लागते. हा ढोंगीपणा नाही; शेतातील हरळीप्रमाणे हे काम दर हंगामास करावयाचेच आहे.

येथे एका गैरसमजाविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. आपल्या मंडळ्यांत कधी कधी क्षमेचे नाव घेऊन दुर्बळास गप्प बसविले जाते. नवरा दारू पिऊन मारतो, आणि बायकोस सांगतात, की बाई, तू ख्रिस्ती आहेस, सोडून दे. हा बोध नव्हे. ही मारणाराची चाकरी आहे. सोडून द्यावयाचा तो द्वेष, रक्षण नव्हे. जी आज मार खात आहे, तिची गोष्ट अजून जुनी झालेलीच नाही. तिला आसरा द्यावा, पोलिसांत जावयाचे तर सोबत जावे. तसेच आपल्या वाडवडिलांवर झालेल्या अन्यायाची साक्ष देणे म्हणजे सूड नव्हे. १९२७ साली महाडास डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती चवदार तळ्याचे पाणी प्यावयास गेले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. लोक आपल्या फुटलेल्या घागरी विसरले असते, तर हे कलम कोणी लिहिले असते? साक्ष पुढच्या मुलाची घागर वाचविते. सूड आणखी एक घागर फोडतो. दोहोंत हा भेद आहे, आणि आपण मुलांस जुनी गोष्ट सांगताना तो ओळखला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पेटीत नेहमी दुसऱ्यावरचेच रोखे असतात असे नाही. काही आपल्या नावाचे असतात. तरुणपणी केलेले पाप, म्हाताऱ्या आईस बोललेला शब्द, बुडविलेले पैसे, ह्यांच्या ओझ्याखाली कित्येक सज्जन वाकून चालतात. त्यांनी जक्कयाचे स्मरण करावे. तो केवळ हळहळत बसला नाही. ज्यांस लुबाडले त्यांस चौपट परत करण्यास उठला. जे परत करता येते ते परत करावे, ज्याची माफी मागता येते त्याची मागावी. आणि जे माणसाच्या हातून सुधारण्यापलीकडे गेले, ते देवाच्या हाती देऊन पुन्हा मागून घेऊ नये.

माझ्या घागरीचे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. काही महिन्यांनी मी मुद्दाम त्या मळ्यात गेलो. मुलाचे वडील घरी होते. मी पाणी मागितले, व त्यांनी दिलेले पाणी प्यालो. मग त्या दुपारी मी त्यांच्या मुलाचे पाणी का नाकारले, ते त्यांस सांगितले, आणि आजोबांच्या घागरीची हकिकतही सांगितली. मुद्दल तेवढे सांगितले, व्याज सांगितले नाही. ते गृहस्थ बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “आम्हांला हे घरात कधी कोणी सांगितलेच नाही.” एवढेच. त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागविली नाही. निघताना त्या मुलाने माझ्या फटफटीच्या पिशवीत लिंबे भरून दिली.

ती गोष्ट मी आता माझ्या मुलांस सांगतो. घागर फुटली, हे सांगतो. आणि तांब्या आला, हेही सांगतो. पूर्वी आमच्या घरात ती गोष्ट अर्धीच सांगितली जात होती.

त्या उपदेशक गृहस्थांस हे सारे मी पत्राने कळविले होते. त्यांचे उत्तर आले. भावाने जमीन परत केलेली नाही, व मोजणीसाठी रीतसर अर्ज करावयाचे त्यांनी ठरविले आहे. ते योग्यच आहे. परंतु त्यांनी लिहिले आहे, की ह्या पेरणीत भावाचा एक बैल आजारी पडला, तेव्हा त्यांनी आपला बैल त्याच बांधावरून त्याच्या वावरात नेऊन दिला. आठवण आली काय, असे मी विचारले नाही. आलीच असेल. पण बैल तर पलीकडे गेला.